केमिस्ट्रीला दोघं कमी

रेमिया : मी जेवत नाही, इनी. आधी आकींनी सांगायचं, बान्साला केमिस्ट्री सोडायला कुणी सांगितलं ते.

इनी : अगं, पाय तरी धू. होडीतून उतरलीस ती थेट ओसरीवर. लोकांच्या नाती शुक्रवारी हॉस्टेलवरून येतात त्या आधी खायला मागतात. आमची आजोबांची झडती घ्यायला आलीय.

आकी : घेऊ दे. बस इकडे चटईवर. मिरीला पाय लावू नकोस, सकाळीच वाळत घातलीय. हां, विचार आता.

रेमिया : बान्साला केमिस्ट्री सोडायला कुणी सांगितलं?

आकी : मी.

रेमिया : आणि मेरिंगला?

आकी : तिलाही मीच. एका ओसरीवर बावीस दारं, बावीस कुटुंबं, अशा या लांबलचक घराचा मुखिया मी आहे, मग दुसरं कोण सांगणार? आणि नुसतं सांगितलं नाही. सगळ्या पोरांना, त्यांच्या आईबापांना इथे ओसरीवर बोलावलं, तुझ्या इनीने तळलेली केळी समोर ठेवली, आणि मग रीतसर मांडलं.

इनी : दोन घमेली केळी. हात भाजला माझा. पुढे सांगा.

रेमिया : चौघांनी केमिस्ट्री सोडली, आकी.

आकी : आणि सात जणांनी बायोलॉजी घेतली, ते का नाही सांगत? गेल्या महिन्यात याच चटईवर बसून नाक पुसत होतीस. बायोलॉजीला आठच नावं आलीत, पंधरा झाल्याशिवाय शाळा वर्ग काढणार नाही, आणि बायोलॉजीशिवाय डॉक्टर होता येत नाही. तुझेच शब्द हे. आठ आणि सात किती झाले?

रेमिया : पंधरा.

आकी : मग?

रेमिया : मग केमिस्ट्रीला सतरा होते, ते तेरा झाले.

इनी : आणि तिथेही पंधरा लागत असतील.

रेमिया : तिथेही पंधराच लागतात, इनी. सोमवारी फळ्यावर यादी लागली. बायोलॉजीसमोर बरोबरची खूण, आणि केमिस्ट्रीसमोर लाल शाईने ‘दोन कमी’.

आकी : थांब. डॉक्टरला केमिस्ट्रीसुद्धा लागते?

रेमिया : लागते.

आकी : थोडी लागते की पुरती?

रेमिया : आकी, त्यात थोडी असं काही नसतं. विज्ञानाच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाल्या, रेमिया, बायोलॉजी मिळाली हे छान झालं, पण विद्यापीठात डॉक्टरकीचा अर्ज उघडतात तेव्हा दोन विषय आधी बघतात, एक बायोलॉजी आणि एक केमिस्ट्री. दोन्हीतला एक नसला तर पुढचं पान उलटतसुद्धा नाहीत. आणि हे दोन्ही आत्ता, माध्यमिकच्या चौथ्या वर्षीच घ्यावे लागतात, नंतर मध्येच घुसता येत नाही.

आकी : हे तू मला तेव्हा सांगितलं नाहीस.

रेमिया : तेव्हा केमिस्ट्रीला सतरा होते! ती धोक्यात येईल असं कुणाला वाटलं होतं? आणि तुम्ही सभा घेताय हे मला कुठे माहीत होतं? त्या शनिवारी मी हॉस्टेललाच राहिले होते. सोमवारी बान्सा डबा खाता खाता सांगतो, अगं, तुझ्यासाठी सोडली ना ती केमिस्ट्री, आता तरी खूश ना?

इनी : विचारायचं नाही कुणाला. पहिल्यापासून हीच खोड. लग्नाची तारीखसुद्धा मला तिसऱ्याच बाईकडून कळली होती.

आकी : तू गप्प बस गं. मी काय अविचाराने केलं का? ऐका. प्रत्येकाला तीनच विषय आपल्या मर्जीने घेता येतात. सातही पोरांचे बाप मला म्हणाले, घेऊ दे बायोलॉजी रेमियासाठी, पण शेतीच्या विषयाला हात लावायचा नाही. मी शब्द दिला. मग पोरं म्हणाली, सोडायचं काय? मी म्हटलं, ज्याचा घरात काही उपयोग दिसत नाही ते सोडा. तिघांनी चित्रकला सोडली. उरले चौघं. मी विचारलं, त्या केमिस्ट्रीत काय शिकवतात? बान्सा म्हणाला, एका बाटलीतलं पाणी दुसऱ्या बाटलीत ओततात आणि रंग बदलतो का ते बघत बसतात. म्हटलं, एवढ्यासाठी शाळेत कशाला जायचं? तांदळाची दारू गाळताना तुझी इनी हेच करते.

इनी : माझा रंग बदलत नाही कधी.

रेमिया : हसू नका तुम्ही दोघं. मला रडू येतंय.

आकी : नाही हसत. बरं, चुकलं. आता सुधारायचं कसं ते बघू. त्या चौघांतल्या दोघांना मी परत केमिस्ट्रीत पाठवतो. आज संध्याकाळी सांगतो.

रेमिया : मग बायोलॉजीला तेराच राहतील. पांघरूण पायावर ओढलं की डोकं उघडं पडतं, तसं आहे हे. आठवडाभर मी तेच करतेय, वहीच्या मागच्या पानावर. या घराचीच पोरं इकडून तिकडे हलवून काही होत नाही. आपल्याकडे तेवढी पोरंच नाहीत.

आकी : आणि ती शहरातली शाळा? सगळे विषय असतात ती? अर्ज केला होतास ना?

रेमिया : त्यांची यादी मागच्याच आठवड्यात आली. माझं नाव नव्हतं.

इनी : हे पण सांगितलं नाहीस.

रेमिया : काय सांगायचं, इनी? नव्हतं म्हणजे नव्हतं. आता हीच शाळा आहे. फॉर्म सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांकडे जातात.

आकी : मग मी आजच दारोदार जातो. अजून दोघं काढतो कुठून तरी. उजाच्या धाकट्या मुलीला सांगतो, ती चित्रकला—

रेमिया : नको! आता माझ्यासाठी कुणाला काही सांगू नका.

आकी : का गं? ओरडतेस कशाला?

रेमिया : बान्साला बेडकाचं चित्र बघून मळमळतं, आकी. पुस्तकात नुसतं चित्र. त्याने ते पान स्टेपल करून टाकलंय. तो दोन वर्षं बायोलॉजी शिकणार, कशासाठी, तर मी पुढे कधी तरी डॉक्टर होईन म्हणून. मेरिंगच्या आईने माझ्यासाठी हॉस्टेलवर अंडी पाठवली, म्हणे डॉक्टरच्या डोक्याला लागतात. होडीवाले काका म्हणतात माझा गुडघा तू फुकट बघायचास. सगळे असं बोलतात जसं काही झालंच. आणि बाई म्हणाल्या, विषय मिळाले तरी ही पहिलीच पायरी. मग माध्यमिकच्या पाचव्या वर्षाची परीक्षा, मग अजून वर्ष-दोन वर्षं शिकायचं, आणि त्यानंतर हजारोंमधून थोडेच घेतात. मला एका मार्काने नाही म्हणाले तर? तर मी या ओसरीवर कुठल्या तोंडाने बसू? सात जणांना सात दारं आहेत, आणि प्रत्येक दारावरून मला पाण्याला जायचंय.

इनी : घे, पाणी पी.

आकी : मला सांग, सावड कशाला म्हणतात?

रेमिया : आता हे काय मध्येच?

आकी : मध्येच नाही. सांग.

रेमिया : तुम्ही आमच्या शेतात एक दिवस यायचं, आम्ही तुमच्या शेतात एक दिवस जायचं.

आकी : दोन वर्षांपूर्वी बान्साच्या बापाच्या डोंगरावर पेरणीला आपण किती दिवस गेलो होतो?

रेमिया : पाच. मी पण होते.

आकी : आणि भात किती आलं?

इनी : रानडुकरांनी जेवढं ठेवलं तेवढं. कोंबड्यांनाही पुरलं नाही.

आकी : मग आपल्या शेतात तो किती दिवस आला?

रेमिया : पाच.

आकी : पाचच आला. माझं पीक बुडालं, म्हणून तीनच दिवस येतो, असं म्हणाला नाही. आणि मीही त्याला विचारलं नाही, की बाबा रे, आमचे पाच दिवस तुझ्या डोंगरावर गेले त्याचं भात कुठाय? दिवसाला दिवस द्यायचा. पीक ज्याचं त्याच्या नशिबाचं. या पोरांनी तुला दिवस दिलेत, रेमिया. तू त्यांना डॉक्टर होऊन दाखवायचं देणं लागत नाहीस. दिवस देणं लागतेस.

रेमिया : ते कसे देऊ?

आकी : बान्साला तो बेडूक समजावून सांगायचा. शनिवारी घरी आलीस की ओसरीवर सातही जणांना घेऊन बसायचं आणि पास होईपर्यंत शिकवायचं. त्यात तुझे दोन वर्षांचे शनिवार जातील. पुढे तुला घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर सात पोरं बायोलॉजीत पास झाली, एवढं तरी हातात राहील.

रेमिया : तुम्ही हे सगळं सभेत बोलला होतात?

आकी : त्यांना सांगावं लागत नाही. सावड म्हटलं की कळतं. तुलाच शाळेत जाऊन विसर पडला.

इनी : बोलता मात्र येतं. खाल्लंस का काही सकाळपासून? हे घे, भात आणि ओढ्याकाठची पालेभाजी. खाता खाता ऐक. मला तुला डॉक्टर झालेलं बघायचं आहे, ते तुझ्या आजोबांसारखं गोल गोल नाही सांगणार मी. मला पोटात दुखलं होतं तेव्हाचं आठवतं?

रेमिया : विसरेन का मी.

इनी : महिन्याच्या महिन्याला येतो तसा डॉक्टर होडीने आला होता. भला पोरगा, घामाघूम झालेला. मला म्हणाला, एक ते दहामध्ये किती दुखतंय? आता पाहुणा माणूस, एवढ्या लांबून आलेला, त्याला पहिल्या भेटीत दहा कसं सांगायचं? मी म्हटलं, दोन. आणि विचारलं, बाळा, जेवलास का?

आकी : त्याने दोन लिहून घेतलं.

इनी : लिहिणारच. त्याचा काय दोष? मी सांगितलं तेच लिहिलं. पोट फुटायची वेळ आली होती आतून, आणि मी त्याला लोणचं बांधून देत होते.

रेमिया : मी तिथेच उभी होते. मला माहीत होतं तुझं दोन म्हणजे किती ते. पण मी बारा वर्षांची, मला कोण विचारणार. तिसऱ्या दिवशी तुला होडीत आडवी घालून शहरात नेलं तेव्हा मी ठरवलं होतं. या नदीवरच्या म्हाताऱ्या माणसाने दोन सांगितलं की ज्याला ते नऊ ऐकू येईल, असं कुणी तरी पाहिजे त्या खुर्चीत.

इनी : म्हणून म्हणते, केमिस्ट्रीला दोघं कमी आहेत ना? नदीच्या वरच्या अंगाला जे घर आहे, त्या वरच्या घरात दोघी आहेत. तुझ्याच वर्गात.

आकी : वरच्या घराचं नाव काढू नकोस.

इनी : मी काढलं. अर्ध्या तासावर घर आहे, होडीने. सिंता आणि लुलोंग, बेलायोंगच्या नाती. दोघी हुशार. त्यांचे आईबाप शहरात कामाला, फॉर्मवर सही बेलायोंगच करतो.

रेमिया : मी विचारलं त्यांना.

आकी : काय?

रेमिया : यादी लागली त्याच दिवशी. सिंता म्हणाली, आमच्या आकींना फोन करून सांगते. मंगळवारी सकाळी आली, मान खाली घालून. म्हणाली, आमच्या आजोबांचा निरोप आहे. त्या घराला नावं हवी असतील तर त्या घराच्या म्हाताऱ्याने स्वतः यावं. भाच्याला पाठवू नये.

इनी : ऐकलंत?

आकी : ऐकलं. म्हातारा म्हणाला का तो मला? माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे तो.

रेमिया : आकी, तुमचं नक्की काय भांडण आहे? मला फक्त झाड, झाड एवढंच ऐकू येतं.

आकी : लहानांनी ऐकायचं नसतं ते.

इनी : मग मी सांगते. जुन्या घराच्या जागेवर ड्युरियनचं मोठं झाड होतं. तुझ्या आकींच्या आणि बेलायोंगच्या पणजीने लावलेलं, दोघांची पणजी एकच. असलं झाड एकाचं नसतं, तिच्या सगळ्या लेकरांचं असतं, त्याची फांदी तोडायची तरी सगळ्यांना विचारावं लागतं. बारा वर्षांपूर्वी ओसरीच्या फळ्यांना वाळवी लागली. आणि आपल्या मुखियांनी करवत काढली.

आकी : पोरं पडत होती फळीतून खाली. घाई होती.

इनी : विचारलं नाही. मग वरच्या घराने पंच बसवले, दंड झाला, एक डुक्कर आणि एक रांजण. तो दंड यांनी भाच्याच्या हातून पाठवला. स्वतः गेले नाहीत. बेलायोंगने डुक्कर घेतलं, रांजण घेतला, आणि तेव्हापासून या घराच्या एकाही लग्नाला तो आला नाही.

आकी : दंड भरला ना? भरला की विषय संपतो. अशीच रीत आहे.

इनी : रीत डुकराची संपली. माणसाची राहिली.

रेमिया : आकी, तुम्हाला जायचं नसेल तर राहू दे. खरंच. मी बाईंना विचारते, दुसरं काही करता येतं का. नर्सिंगला वेगळे विषय लागतात, कदाचित—

आकी : गप. मी नाही म्हणालो का? पण तिथे जाऊन बोलायचं काय? बारा वर्षांनी एकदम केमिस्ट्री?

इनी : सराव करा. मी बेलायोंग. या, माझ्या घराच्या पायऱ्यांखाली उभे राहा.

आकी : हा काय पोरखेळ.

इनी : अहं, खोकून बोलतो तो. ख्खं, ख्खं. कोण आहे खाली? जाबिंग का? कशाला आलास?

आकी : बरा आहेस ना? यंदा मिरीला भाव बरा दिसतोय.

इनी : मिरीचा भाव मला रेडिओ सांगतो. ख्खं. कशाला आलास?

आकी : पाऊस लांबलाय. नदीला पाणी कमी आहे, येताना इंजिन दोनदा घासलं.

रेमिया : आकी, असं केलंत तर सोमवार उजाडेल.

आकी : बरं. बेलायोंग, तुझ्या दोन नाती केमिस्ट्रीला दे.

इनी : केमिस्ट्री म्हणजे काय?

आकी : म्हणजे, रेमिया, म्हणजे काय?

रेमिया : बाटल्यांतून रंग बघत बसायचं नसतं, आकी. कोणतीही वस्तू कशाची बनलेली असते आणि दुसरीत मिसळली की तिचं काय होतं, ते शिकायचं. एकच औषध चमचाभर घेतलं तर ताप उतरवतं आणि वाटीभर घेतलं तर माणूस जातो, ते का, हे नुसत्या बायोलॉजीत कळत नाही. त्यासाठी केमिस्ट्री लागते.

आकी : हे असं कुणी सांगितलं असतं तर मी चौघांना केमिस्ट्री सोडू दिली असती का?

इनी : तुम्ही विचारलंत कुणाला? बान्साला. बरं, मी परत बेलायोंग. ख्खं. केमिस्ट्री कळली. आता झाडाचं बोल.

आकी : झाडाचं काय बोलायचं?

इनी : मला काय विचारतोस? मी पायरीवर उभा आहे, तू खाली आहेस. बोल.

आकी : ती मिरी उचला आत. ऊन गेलं.

रेमिया : आकी.

आकी : उद्या सकाळी लवकर निघू. इंजिन तू चालव, माझा खांदा दुखतो. आणि जाताना काही नेऊ नका, कोंबडी नको, दारू नको. काही नेलं की परत दंड पाठवल्यासारखं दिसेल.

इनी : तिथे काय बोलणार ते तरी सांगा.

आकी : ते तिथे गेल्यावर बघेन. तुझ्यासमोर नाही येत मला.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, वरच्या घराच्या धक्क्याशी. होडीत रेमिया आणि आकी. वर पायऱ्यांच्या टोकाला बेलायोंग.)

बेलायोंग : इंजिन बंद कर, पोरी. काही ऐकू येत नाही. कोण आलंय ते दिसतंय मला, डोळे अजून शाबूत आहेत.

आकी : घराला काही बंधन आहे का आज? परक्याने यायला चालेल?

बेलायोंग : बंधन नाही. सुतक नाही, काही नाही. पण तू आधी तिथूनच बोल. बरोबर कोण आहे?

रेमिया : मी रेमिया. तुमच्या सिंताच्या वर्गात आहे.

बेलायोंग : माहीत आहे मला तू कोण ते. बोल, जाबिंग.

आकी : झाड मी तोडलं.

बेलायोंग : काय म्हणालास? जरा मोठ्याने.

आकी : झाड मी तोडलं, बेलायोंग. आपल्या पणजीचं. ओसरीच्या फळ्या हव्या होत्या, घाई होती, हे सगळं खरं. पण घाई एवढीही नव्हती की अर्ध्या तासावर येऊन तुला विचारता आलं नसतं. विचारलं तर तू नाही म्हणशील असं मला वाटलं, म्हणून विचारलं नाही. आणि मग दंड पाठवला तो भाच्याबरोबर, कारण तुझ्या तोंडाकडे बघायचं धाडस नव्हतं. मी यायला हवं होतं. आज आलो.

बेलायोंग : मी नाही म्हणालो नसतो.

आकी : हं.

बेलायोंग : झाड अर्धं पोखरलं होतं. पुढच्या पावसात पडलंच असतं. मी म्हणालो असतो, तोड, पण तोडायच्या आधी सगळे एकदा तिथे जेवू या. तेवढंच होतं माझं.

आकी : ते मला सुचलं नाही.

बेलायोंग : फळ्या टिकल्या का तुझ्या?

आकी : टिकल्या. पोरं नाचतात त्यांच्यावर, तरी वाजत नाहीत.

बेलायोंग : चांगलं लाकूड होतं. बरं, आता दुसरं बोल. एवढ्यासाठी बारा वर्षांनी आला नाहीस तू.

आकी : नाही. ही माझी नात. हिला डॉक्टर व्हायचं आहे. त्यासाठी शाळेत केमिस्ट्रीचा वर्ग निघायला हवा, आणि त्याला दोघं कमी पडलेत. कमी पडलेत तेही माझ्याचमुळे. मी चार पोरांना तो विषय सोडायला लावला, कुणालाही न विचारता. म्हणजे बारा वर्षांत शिकलो काही नाही, ते आधीच सांगून टाकतो. तुझ्या दोघी नाती तो विषय घेतील का, हे विचारायला आलोय. विचारायला, बेलायोंग. नाही म्हणालास तर मी तसाच परत जाईन, आणि तरी पुढच्या सणाला तुला बोलवायला येईन.

बेलायोंग : पोरी, तू का गप्प?

रेमिया : आकी बेलायोंग, त्यांना नको असेल तर नका लावू घ्यायला. माझ्यासाठी सात जण आधीच बायोलॉजी शिकताहेत. सिंताला आणि लुलोंगला आवडत असेल तरच.

बेलायोंग : आवडत असेल तर म्हणते. मंगळवारपासून माझी सिंता माझा फोन उचलत नव्हती, आणि काल घरी आली तरी माझ्याशी बोलत नाही. भात समोर ठेवते आणि निघून जाते. लुलोंग काल रात्री फोनवर तिच्या आईकडे माझी तक्रार करत होती, मला ऐकू जाईल अशी. त्या दोघींना तो विषय पहिल्यापासून हवाच होता. तुमच्या गरजेच्या आधीपासून. मी या शनिवारी सही करणारच होतो. आणि सोमवारी सिंता फोनवर खुशीत म्हणाली, आमची दोघींची नावं आली की रेमियाचा वर्गही निघतो, आकी. ते ऐकलं आणि माझ्या तोंडून नाही निघून गेलं.

आकी : माझ्यामुळे.

बेलायोंग : तुझ्यामुळे कशाला? माझ्यामुळे. एकदा नाही म्हटल्यावर मागे कसं यायचं ते मला कळेना. दोघींचे फॉर्म कालपासून चुलीशेजारच्या फळीवर पडलेत, त्यांच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते. तू आला नसतास तर सोमवारी मी त्या पोरींना काय सांगणार होतो, मला माहीत नाही.

आकी : मलाही तुझ्या जागी कळलं नसतं.

बेलायोंग : नसतंच कळलं. तू माझ्यापेक्षा हट्टी.

रेमिया : मग सही कराल तुम्ही? दोन्हींवर?

बेलायोंग : दोन्हींवर करतो. पेन मात्र चालणारं आण कुणाकडून तरी, आमच्याकडची सगळी वाळलीत. जा, तू पुढे जा, त्या दोघी मघापासून दाराआडून बघताहेत. पळ. आणि तू थांब रे, जाबिंग, एकटा चढू नकोस. तिसरी पायरी निसरडी आहे. हात दे.